उसना थकवा

"मॅडम, हा पट्टा लावून माझा दादा पालखी नाचवेल का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि दुर्वा रांबाडे स्वतःच दचकली. अख्खं सभागृह माना वळवून तिच्याकडे बघत होतं. हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज बाईंच्या टेबलापर्यंत पोचत नसे, ती पोरगी विज्ञान दिनाच्या पाहुण्यांना उभी राहून प्रश्न विचारत होती! मागच्या बाकावर ऋतिका आणि हुमैरा एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत हसत होत्या. पैज त्यांचीच होती. "हिंमत असेल तर विचार. विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातली सांदणं तुझी," असं हुमैरानं कानात सांगितलं होतं, आणि हुमैराच्या अम्मीच्या सांदणांपुढं दुर्वाची लाजबीज काही टिकत नसे.

पाहुण्या म्हणजे डॉ. शुभदा केळुसकर, पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या. त्यांनी भाषण केलंच नव्हतं. आल्या आल्या नववीतल्या आठ मुलींना पुढं बोलावून त्यांनी एक लांब बाक उचलायला लावला होता. आठही जणींनी एकदम. मॅडमनी टाळी वाजवली की वर, टाळी वाजवली की वर. थोड्याच वेळात ऋतिकाचे हात लटपटले आणि बाक धाडकन खाली आला. मग मॅडमनी त्याच मुलींचे दोन गट पाडले. चौघींनी धरायचं, त्या दमायच्या आत दुसऱ्या चौघींनी हात लावायचा, मग पहिल्यांनी सुटायचं. मॅडम मजेत गप्पा मारत राहिल्या आणि बाक खाली यायचं नाव घेईना.

"आपलं शरीर हे असं चालतं," मॅडम म्हणाल्या होत्या. "एका स्नायूत हजारो तंतू असतात. मेंदू त्यांना पाळीपाळीनं कामाला लावतो. आधी बारीक, चिवट तंतू. अगदीच गरज पडली तर मोठे, दांडगे. काही ओढतात, तोवर बाकीचे दम खातात. पण कण्याला मार बसला आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत जाईनासा झाला, की आपण बाहेरून वीज देऊन स्नायू हलवतो. विजेला पाळी कळत नाही. ती दर ठोक्याला त्याच तंतूंना एकदम उठवते, आणि त्यातही दांडगे, लवकर दमणारे आधी उठतात. म्हणून दोन-चार मिनिटांत पायांचा पार लगदा होतो. मांडीला बांधायच्या आमच्या या पट्ट्यात एकीऐवजी सोळा चकत्या आहेत. प्रत्येक चकती सावकाश, आपल्या पाळीला वीज सोडते. शिवाय पट्टा स्नायूची बारीक थरथर ऐकतो, कुठला कोपरा दमत आलाय ते ओळखतो आणि त्याला सुट्टी देतो."

आणि तेव्हाच दुर्वानं तो प्रश्न विचारला होता.

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. "काय झालंय दादाला?"

"कलमावरून पडला. आंबे काढताना. कमरेखाली काही कळत नाही त्याला."

"आणि पालखी म्हणजे शिमग्याची?"

"हो. तो पुढचा खांदा द्यायचा."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "नाचवेल."

त्यांच्या ओठांवर पुढं 'पण' आलेला दुर्वाला दिसला. ऐकू मात्र आला नाही, कारण सभागृहानं टाळ्यांचा असा कडकडाट केला की मुख्याध्यापकांनाही घंटा वाजवावी लागली.

*

देवतळी हे खाडीकाठचं गाव. विजेवर चालणारी फेरीबोट आली होती, पलीकडच्या किनाऱ्यावरून औषधं घेऊन ड्रोन यायचं, पण शिमगा होता तसाच होता. फाल्गुनात ग्रामदेवी नवलाईची पालखी देवळातून निघायची, घरोघर जायची आणि प्रत्येक अंगणात नाचायची. निनाद रांबाडे पालखीखाली शिरला की ढोल वाजवणाऱ्यांनाही चेव यायचा. तो पडल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा त्यानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातून मिळालेलं जुनं यंत्र त्यांच्याकडे होतं. मांडीला एकच चकती. दुर्वा बटण दाबायची, निनाद पडवीच्या खांबांना धरून उभा राहायचा आणि थोड्या वेळात त्याच्या मांड्या अशा थरथरायच्या की बसावंच लागायचं. मग दोघं पडवीतच सात-आठचा डाव मांडत. निनाद पत्ते लपवायचा, दुर्वा भांडायची, आई आतून ओरडायची, "काय गो तुझं तोंड! दमत कसं नाही ते?"

"पायांचा सगळा दम तोंडात गेलाय हिच्या," निनाद म्हणायचा. "माझ्या पायांचासुद्धा."

केळुसकर मॅडमनी चाचणीसाठी निनादला निवडलं तेव्हा घरात जिलेबी आली. त्याआधी हाडांची तपासणी झाली. मॅडमनी पडद्यावर दोन मांड्यांची हाडं शेजारी शेजारी दाखवली. एक बाबांचं, एक निनादचं. बाबांचं पांढरंशुभ्र. निनादचं धुक्यासारखं विरळ.

"हाडाला रोज भार लागतो," मॅडमनी सांगितलं. "भार नसला की ते झिजत जातं. स्नायू आम्ही महिन्या-दोन महिन्यांत जागे करू, पण हाड भरायला वर्षं लागतील. तोवर नुसतं उभं राहायचं, काठ्या घेऊन चालायचं. खांद्यावर ओझं अजिबात नाही. पट्टा ठरावीक वेळानं विश्रांतीची सूचना देईल, तेव्हा बसायचंच."

म्हणजे तो 'पण' त्यांनी पुरता सांगितला होता. घरातल्या सगळ्यांनी तो ऐकला आणि माना डोलावल्या.

पट्टा आला आणि रांबाड्यांच्या घराचा नूरच पालटला. पट्ट्याची सगळी सूत्रं दुर्वाच्या फोनवर होती. निनादचे हात काठ्यांत अडकलेले, आईला ते जमेना, बाबा म्हणाले, "आपली पोर हुशार आहे, तीच बघेल." वर्षभरात दुर्वा कुठल्या कुठं गेली! शाळेत तिनं पट्ट्यावर प्रकल्प केला. ग्रामसभेत उभं राहून समजावून सांगितलं. गावचे मानकरी भिकाजीआप्पा म्हणाले, "पोरी, ते सोळा का काय, मला नाही कळलं." तर ती म्हणाली, "आप्पा, पालखीला चारच भोई दिवसभर नाचवले तर काय होईल?"

"मरतील."

"आणि पाळीपाळीनं सोळा दिले तर?"

"अरे वा," आप्पा म्हणाले. "म्हणजे तुझ्या दादाच्या मांडीत शिमगा आहे म्हण की!" सगळी सभा हसली. दुर्वाही हसली आणि तिथंच तिला कळलं की लोकांसमोर बोलायला आपल्याला भयंकर आवडतं.

निनाद काठ्या टेकत धक्क्यावर जाऊ लागला. तिथून दुकानात, दुकानातून देवळात. त्याचे पाय दमतच नव्हते. विश्रांतीची वेळ झाली की दुर्वाच्या फोनवर सूचना यायची: 'बसवा' किंवा 'चालू ठेवा'. दुर्वा विचारायची, "दादा, दमलास?"

"छे!"

त्यात खोटं काही नव्हतं. स्नायू ताजेतवाने होते. संकेतसारखे मित्र समोर उभे असताना मध्येच मटकन बसायला कुणाला आवडेल? पहिल्यांदा दुर्वानं भीत भीत 'चालू ठेवा' दाबलं. मग न भिता दाबू लागली. मग तर न विचारताच.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती आणि ती कुणाला सांगता येण्याजोगी नव्हती. दादा आता बसतच नव्हता. पत्त्यांचा जोड फळीवर तसाच पडून होता. एकदा तिनं तो हातात घेऊन विचारलं, "एक डाव?"

"आल्यावर," म्हणून तो निघून गेला, आणि आल्यावर जेवून झोपला. दुर्वा स्वतःशी म्हणाली, शहाणे, तुला काय पाहिजे? तो उभा राहायला की खेळायला? मग तिलाच स्वतःची लाज वाटली आणि तिनं जोड उचलून कपाटावर टाकला.

*

शिमगा जवळ आला तसा निनाद गप्प गप्प राहायला लागला. एका दुपारी त्यानं दुर्वाला पडवीत बोलावलं.

"आप्पांना विचारलं मी. आपल्या अंगणात पुढचा खांदा मला देतायत."

"दादा, ओझं नाही घ्यायचं. मॅडमनी सांगितलंय."

"नाचत नाही मी. जागेवर उभा राहीन. संकेत आणि पोरं बाजूला असतील. तू फक्त गुडघे तेवढे ढोलावर हलव." पट्ट्याला ताल देता यायचा. दुर्वानंच शोधून काढलं होतं ते, मार्गशीर्षात, गंमत म्हणून. "थोडंसं खाली, थोडंसं वर. बस."

"मॅडमना फोन करते."

"त्या नाही म्हणतील."

"मग?"

निनादनं तिच्याकडे बघितलं. "दुर्वे, भर शाळेत तूच विचारलं होतंस ना, दादा पालखी नाचवेल का म्हणून? मी घरी पडून होतो आणि सगळा गाव येऊन मला सांगत होता, तुझ्या बहिणीनं विचारलं. वर्षभर मी तेवढ्यावर उभा आहे. आणि आता तूच नाही म्हणतेस?"

ती पैज होती, सांदणांसाठी विचारलं होतं, हे तिला त्या क्षणी कसं सांगता आलं असतं?

आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नुसता हात लाव रे पालखीला. देवीला तेवढं पुरे." बाबांनी माळ्यावरून निनादचा जुना फेटा काढला, उन्हात घातला आणि किती तरी वेळ तिथंच उभे राहिले.

*

कलत्या उन्हाला पालखी अंगणात आली. रांगोळी, सनई, गुलालाचे ढग. देवतळीत पालखीचा एक नियम आहे. पालखी नाचत असताना कुणाचा खांदा मागायचा नाही. ज्याच्या खांद्यावर पालखी आहे तो दमला की स्वतः बाजूच्याकडे बघतो, मान हलवतो, तेव्हाच दुसऱ्यानं आत शिरायचं. त्याआधी हात पुढं करणं म्हणजे त्याचा अपमान. आणि दम लागतोच, त्यामुळं पालखी दर थोड्या वेळानं या खांद्यावरून त्या खांद्यावर जात राहते. आजवर कधी काही बिघडलं नव्हतं.

फेटा बांधलेला निनाद पालखीखाली शिरला. काठ्या संकेतनं बाजूला घेतल्या. दांडा खांद्यावर टेकला आणि निनादनं डोळे मिटले. ढोल सुरू झाला. दुर्वानं फोनवर ताल जुळवला. त्याचे गुडघे जरासे वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. पालखी हलली. देवीच्या मुखवट्यावर ऊन चमकलं. अंगणातून एकच आरोळी उठली. आई तुळशीपाशी पदरात तोंड खुपसून रडत होती आणि बाबा, जे कधी नाचत नसत, ते नाचत होते.

दुर्वाच्या फोनवर सूचना आली. 'बसवा' किंवा 'चालू ठेवा'.

तिनं ओरडून विचारलं, "दादा, दमलास?"

त्यानं मान जोरात हलवली. नाही!

संकेत बाजूला उभा होता, खांदा तयार ठेवून. निनाद त्याच्याकडे बघेचना. संकेत थांबून राहिला. नियमच तसा होता. दुर्वानं 'चालू ठेवा' दाबलं. ढोलाची लय वाढली, तिनंही ताल वाढवला. पुन्हा सूचना आली. तिनं पुन्हा दाबलं. इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. तिला वाटत होतं, हे मी केलं. मी विचारलं म्हणून हे झालं.

मग तिला त्याचा डावा पाय दिसला.

गुडघा वाकत होता तिथं वाकत होताच. पण त्याच्या वर, मांडीच्या मध्यावर, जिथं सांधाच नसतो तिथंही पाय वाकत होता. प्रत्येक ठोक्याला. पाय खचतोय हे पट्ट्याला कळलं होतं आणि म्हणून तो त्या ताज्यातवान्या, न दमणाऱ्या स्नायूंना आणखी जोर लावायला सांगत होता. आणि वर निनाद हसत होता. डोळे मिटून, गुलालानं माखलेला, सुखात.

दुर्वानं पट्टा बंद केला.

निनाद कोसळला. संकेत आणि पोरांनी पालखी वरच्या वर झेलली. ढोल थांबला. त्या शांततेत निनाद जमिनीवरून ओरडला, "का बंद केलंस? दुर्वे, का बंद केलंस? सगळ्या गावासमोर?"

त्याला काहीच कळलं नव्हतं.

*

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हाड मोडल्यावरही स्नायू ओढत राहिले, त्यामुळं टोकं एकमेकांवर चढली. पाय वाचला, पण आखूड आणि वाकडा सांधला गेला. पालखीखाली आता पुन्हा कधीच नाही. हे त्यांनी निनादला सांगितलं तेव्हा दुर्वा दाराबाहेर होती. आत कुणी रडल्याचा आवाज आला नाही. तेच तिला जास्त लागलं.

घरी आणल्यावर निनाद भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा दुर्वा पाण्याचा तांब्या ठेवायला गेली, तेव्हा न वळताच बोलला.

"तुझ्यावर राग नाही गो."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"पाय मोडला त्याचंही एवढं नाही. पण मला कळलंच नाही, दुर्वे. माझ्या घराला आग लागली होती आणि मी शेजारच्या गावात वरातीत नाचत होतो. आता मला माझाच भरवसा नाही."

शाळेत दुर्वा पुन्हा शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसू लागली. ऋतिका म्हणाली, "अगं, आम्ही गंमत म्हणून..." हुमैरा मात्र रोज डबा उघडून अर्धा दुर्वापुढं सरकवत राहिली. त्यात कधी सांदणं असली की दुर्वा ती तशीच ठेवायची.

आईनं पट्टा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पावसाळा असाच गेला. निनादच्या मांड्या पुन्हा काठीसारख्या होत चालल्या.

*

दिवाळीनंतर केळुसकर मॅडम पट्टा न्यायला आल्या. बाबांनीच कळवलं होतं, घेऊन जा म्हणून. आईनं चहा दिला, पण समोर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. निनाद पडवीतल्या खाटेवर होता. दुर्वा पायरीवर.

मॅडम म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. कप हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "उमेदीची सगळी वर्षं मी थकव्याशी भांडत आले. मला वाटायचं, एवढी एक अडचण दूर झाली की सगळी माणसं उभी राहतील. जुन्या यंत्रावर निनादचे पाय लवकर दमायचे, म्हणून तर त्याचं हाड शाबूत राहिलं होतं. थकवा राखणदार होता. मी त्याला हाकलून दिलं आणि त्याच्या जागी एक घड्याळ बसवलं."

"आणि घड्याळ मी गप्प केलं," दुर्वा म्हणाली. कित्येक महिन्यांत चारचौघांत बोललेलं तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

"सगळेच करतात," मॅडम म्हणाल्या. "मी तुमच्यासारख्या इतर घरी जाऊन आले. कुणीच घड्याळाचं ऐकत नाही."

बाबांनी लुगड्याचं गाठोडं आणून मॅडमसमोर ठेवलं. "आम्हाला आता नको, मॅडम. पोरगा आहे तसा राहू दे."

"समजतं मला." मॅडमनी निनादकडे बघितलं. "फक्त एवढं माहीत असू द्या, की हाड भार नसला तर आणखी झिजतं. उद्या नुसती कूस बदलतानाही मोडू शकतं. रोज थोडंसं उभं राहणं हाच त्यावर उपाय, आणि मी आता कुठल्या तोंडानं तो सांगू?"

खाडीवरून फेरीबोटीचा भोंगा आला. दुर्वा गाठोड्याकडे बघत होती. तिला शाळेतला तो बाक आठवत होता, लटपटणारे ऋतिकाचे हात, पाळीपाळीनं धरणाऱ्या मुली. धरायचं एकीनं आणि दमायचंही तिनंच, असं कुठं ठरलंय?

या वेळी मागं कुणी हसत नव्हतं. पैजही नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "दादाच्या पट्ट्याला माझ्या पायांचं ऐकता येईल का?"

"म्हणजे?"

"पट्टा स्नायूची थरथर ऐकतो ना? मग एक पट्टा माझ्या मांडीला बांधा. वीज नको, नुसता ऐकणारा. दादा उभा राहील तेव्हा मीही उभी राहीन. माझे पाय दमायला लागले, की त्याचा पट्टा त्याला बसवेल."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "येईल."

त्यांच्या ओठांवर काही तरी आलं आणि त्या थांबल्या. दुर्वा पायरीवरून उठून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"पण काय? पूर्ण सांगा. सगळं."

"पण तुझी हाडं भक्कम आहेत, त्याची नाहीत. म्हणजे तू त्याच्या हाडांआधी दमायला हवंस. तो मोकळा उभा राहील, तू भरलेली कळशी कमरेवर घेऊन. रोज. परीक्षा असली तरी, ताप नसेल तर. पुढं शिकायला कुठंही गेलीस तरी पट्टे दुरून जोडता येतील, पण तू उभी राहिल्याशिवाय तो उभा राहू शकणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दात-ओठ खाऊन ताणून धरायचं नाही. तू थकवा लपवलास तर त्याचं हाड पुन्हा जाईल. आणि एवढं करूनही तो पालखी नाचवणार नाही, दुर्वा. कधीच नाही. पडवीत उभा राहील, इतकंच."

"घड्याळ गप्प करता येतं," दुर्वा म्हणाली. "मला गप्प करणं कठीण आहे."

खाटेवरून एक विचित्र आवाज आला. निनाद हसला होता की काय, ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याचे डोळे भरले होते. "हिला गप्प?" तो म्हणाला. "कुणाला जमलंय?" आणि मग भिंतीकडे तोंड वळवून, घोगऱ्या आवाजात, "तुझे पाय कशाला गो दुखवतेस माझ्यासाठी?"

"कुणाचे तरी दुखायला नकोत का?"

त्याचा हात खाटेच्या कडेवरून खाली आला आणि उघडा राहिला. दुर्वानं तो धरला. किती हलका झाला होता तो!

"आणि बसल्यावर?" त्यानं विचारलं.

"बसल्यावर सात-आठ. पत्ते लपवायचे नाहीत."

"नको!" आई दारातून म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "पुरे झालं ते मशीन. एकाचे पाय गेले, आता दुसरीचे पण बांधू? अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

बाबा गाठोड्यावर हात ठेवून बसले होते. ते पोरीकडे बघत राहिले, जणू ही कोण, कुठून आली.

दुर्वा उठली. तिचे गुडघे थरथरत होते आणि ते लपवायचं नाही असं तिनं तिथंच ठरवलं. तिनं बाबांच्या हाताखालून गाठोडं काढून घेतलं, छातीशी धरलं आणि आधी आईकडे, मग बाबांकडे बघून म्हणाली,

"आई, बाबा, पट्टा परत जाणार नाही. उद्या सकाळपासून दादा उभा राहील आणि त्याच्या शेजारी कळशी घेऊन मी. मला भीती वाटतेय, तरी राहीन. आणि मी दमले की मोठ्यानं दमले म्हणेन, सगळ्या गावासमोर म्हणावं लागलं तरी, आणि मी म्हटलं की तो बसेल."